फॉरमॅट मारण्याआधी

उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात असो, अंबरनाथच्या एमआयडीसीत असो की बदलापुरातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात, संगणक बिघडला की दुरुस्तीवाला एकच वाक्य बोलतो: "सी फॉरमॅट मारतो, डीमधलं सगळं सेफ आहे." १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. तेव्हापासून जुनी यंत्रं बदलण्याची घाई आहे आणि हे वाक्य जास्तच ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

डी ड्राइव्हवर असतात त्या आपण स्वतः ठेवलेल्या फाइली. वर्डमध्ये 'ॲड टू डिक्शनरी' म्हणत वर्षानुवर्षं जमवलेले मराठी शब्द, ठरवून घेतलेला फाँट आणि समास, आउटलुकमधली ईमेलखालची सही, लेबलं नि लग्नपत्रिका करणाऱ्याने आपल्या हाताला बसेल अशी लावून घेतलेली कोरलड्रॉची मांडणी, हे सगळं मात्र सी ड्राइव्हवर राहतं. यूजर्स, त्यात आपलं नाव, त्यात ॲपडेटा, त्यात रोमिंग. शिवाय ॲपडेटा हा फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. जे दिसत नाही त्याची कॉपी कोण घेणार?

टॅलीचा प्रकार याहून वेगळा आणि आपल्या भागात फार नेहमीचा. हिशेब कुठे ठेवले आहेत तो पत्ता टॅली.आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. नवं विंडोज, नवी टॅली आणि कंपन्यांची यादी रिकामी! मालकाच्या पोटात गोळा येतो. वास्तविक डी ड्राइव्हवरचे हिशेब जसेच्या तसे असतात, हरवलेला असतो तो फक्त पत्ता. तो पुन्हा दिला की कंपन्या परत दिसतात. हे माहीत नसलेला माणूस मात्र घाबरून नव्याने नोंदी करायला बसतो.

सेटिंगच्या जागांचा हा घोळ एका दिवसात झालेला नाही. सुरुवातीला सेटिंगच्या फाइली थेट विंडोजच्या फोल्डरात पडायच्या. विंडोज ९५पासून रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगच्या एकत्रित साठ्यावर भर आला. २००७च्या व्हिस्टाने प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला सामान्य प्रोग्रामना मनाई केली, आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून त्यांचं लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या तिसऱ्याच फोल्डरात वळवलं. दुरुस्तीवाला प्रोग्रामचा फोल्डर उचलतो आणि हाती येते ती जुनीच फाइल. अशा वेळी त्याला बोल लावणं मला मान्य नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागा सांगायला हवी होती.

सांगणारे आहेत. लिनक्सवाल्यांनी २००३मध्येच संकेत ठरवला: सेटिंग एका फोल्डरात, प्रोग्रामचा डेटा दुसऱ्यात, टाकाऊ साठा तिसऱ्यात. त्यामुळे काय जपायचं आणि काय फेकायचं हे चटकन कळतं. फायरफॉक्सच्या मदतीच्या मेनूतून उघडणाऱ्या एका पानावर प्रोफाइलचा फोल्डर थेट उघडणारं बटण आहे. लिब्रेऑफिस पर्यायांमध्ये जागांची यादीच दाखवतं. बिलिंगचे, शाळेच्या फीचे, सोसायटीच्या हिशेबाचे छोटे प्रोग्राम आपल्याकडेही लिहिले जातात. त्यांच्या लेखकांनी एवढं करावं: सेटिंग साध्या फाइलीत, ठरलेल्या जागी ठेवावी आणि 'सेटिंगचा फोल्डर उघडा' असं बटण मेनूत द्यावं.

उल्हास नदीकाठी याला आणखी एक कारण आहे. २६ जुलै २००५चा आणि २०१९च्या जुलैचा पूर इथल्या तळमजल्यांनी भोगला आहे. यंत्र भिजलं तरी डिस्क वाचली, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइलीतली सेटिंग सरळ उचलता येते. रजिस्ट्रीतली सेटिंग अशी सहजी हाती लागत नाही.

तेव्हा दुरुस्तीवाल्यांनो आणि मालकांनो, फॉरमॅट मारण्याआधी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता इंग्रजीत टाइप करून एंटर करा. उघडलेला फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. टॅलीची आयएनआय फाइल वेगळी घ्या. परत ठेवताना सगळं एकदम ओतू नका. प्रोग्राम बंद ठेवून एकेकाचा फोल्डर ठेवा, आणि सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत पेनड्राइव्ह पुसू नका.