क्लचला हात लावायची परवानगी कोणाची?



कुकरची रिंग आपण बदलतो. मिक्सरचा कपलर बदलतो. शिलाई मशीनचा पट्टा, बॉबीन, टेन्शन, सगळं आपलंच. मग दारातल्या मोटारसायकलशी येऊन आपले हात का थांबतात? "ते बायकांचं काम नव्हे" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. त्यातही ते बायकाच म्हणतात तेव्हा जास्त राग येतो. आमच्या सांगलीकडे डेअरीला दुधाच्या किटल्या घालून कितीतरी सुना स्वतः गाडी चालवत जातात. चालवायला चालते, मग नट फिरवायला का चालत नाही?

अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागते. गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजवाल्याने माझी गाडी उभ्या उभ्या पाहिली आणि "वहिनी, प्लेटा गेल्या" म्हणून मोकळा झाला. घरी येऊन क्लचची दांडी बोटाने हलवून पाहिली, तर तिला ढिलेपणाच नव्हता. केबल इतकी ताणलेली, की दांडी न दाबताही क्लच थोडा सुटलेला राहायचा. इंजिनाजवळचे केबलचे दोन नट सैल करून ढिलेपणा दिला आणि पुन्हा कसले. खर्च शून्य. गाडी चढाला लागली.

म्हणून प्लेटांचं नाव निघालं की आधी केबल पाहा. इंजिन बंद ठेवा. दांडीचं टोक साधारण 10 ते 20 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढं, मोकळं हललं पाहिजे. प्लेटा झिजतात तसा हा ढिलेपणा कमी होत जातो, त्यामुळे महिन्यातून एकदा बघायचं. कमी असेल तर क्लच घसरतो: आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. फार जास्त असेल तर गिअर कडक पडतात आणि दांडी दाबूनही गाडी पुढे सरकते. बारीक फरक हँडलजवळच्या ॲडजस्टरवर करायचा, मोठा असेल तर इंजिनाजवळ. केबलची तार सुटायला लागली असेल तर नवीन टाका, तुटायची वाट पाहू नका.

ढिलेपणा बरोबर असूनही घसरत असेल, तरच प्लेटा. स्प्लेंडर, शाईन अशा गाड्यांत क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइल काढा, किक आणि आड येणारं सामान काढा, मग उजव्या बाजूचं कव्हर. त्याचे बोल्ट लहानमोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जो जिथला तो तिथेच टोचून ठेवा. (रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या बाईला हे शिकवायला नको.) स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सोडवा, एकदम एक सोडला तर प्लेट तिरकी ओढली जाते. काही गाड्यांत मधल्या नटाला खास पाना लागतो. तो नसेल तर छिन्नी-हातोडी चालवू नका, पाना आणा आणि मग पुढे जा. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून बघा. वाकलेल्या किंवा निळसर पडलेल्या परत घालू नका. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजवा, कोरड्या घातल्या तर सुरुवातीलाच जळतात. गॅस्केट नवीनच टाका. शेवटी ढिलेपणा पुन्हा मोजा.

ऑइलच्या बाबतीत दुकानदार "कोणतंही चालतं" म्हणेल. चालत नाही. डब्यावर जासो एमए लिहिलेलं मोटारसायकलचंच घ्या. काही कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि आपल्या क्लचचं तर सगळं काम घर्षणावरच.

सासूबाई म्हणतील, हात काळे होतात. होतात. भांड्यांची राख लावून धुवा, निघतात.

आणि काढलेलं ऑइल मोरीत किंवा परसात ओतू नका. मातीतल्या जिवांचा विचार आपण एरवी पावलोपावली करतो, तो इथेही करायचा. बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या.