दहा मिनिटं तुमची. बाकीचा दिवस कोणाचा?

वस्तीतल्या बैठकीत व्यायामाचा विषय निघाला की बायकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘ताई, वेळ कुठाय?’ हल्ली त्यावर तयार तोडगा मिळतो. तासभर चालायला नको, पळायला नको. दहा मिनिटं जोरात करा, पुरे!

तोडग्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एका गटाने ४५ मिनिटं मध्यम वेगाने, एका लयीत सायकल चालवली. दुसऱ्या गटाने २० सेकंद जीव खाऊन, मग दोन मिनिटं सावकाश, असं तीन वेळा केलं; सगळं मिळून दहा मिनिटं. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली.

पण त्या प्रयोगात बाई एकही नव्हती. जपानमधल्या ताबाता यांचा १९९६ सालचा गाजलेला प्रयोगही तरुण पुरुषांवरच झालेला. पुढे स्त्रियांवर प्रयोग झाले, त्यांनाही फायदा दिसला. तरी आपल्या बायकांचं शरीर कुठल्या अवस्थेत आहे, हे विसरून कसं चालेल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढतानाच जिला धाप लागते, तिला ‘जोरात कर’ म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या व्यायामात दमण्याइतकीच विश्रांती महत्त्वाची. वरच्या प्रयोगात २० सेकंदांच्या कष्टामागे दोन मिनिटांचा उसंतीचा वेळ होता. आपल्या दिवसात हंडे, धुणं, पोळ्या, मुलं, पुन्हा हंडे. मधली दोन मिनिटं कुठे आहेत? म्हणूनच ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, मग तुम्ही का नाही करत तो?

वेळ नाही, हे खरं नाही. वेळ आहे, तो दुसऱ्याच्या ताब्यात आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. फरक २०१ मिनिटांचा. त्यात ४५ मिनिटांचं चालणं चार वेळा बसतं!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. निवड बाईने करायची. पण दुसरी वाट जिच्यासमोर कधी आलीच नाही, तिने छोटी वाट ‘निवडली’ असं कसं म्हणायचं? तासभर चालणं म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. मैत्रिणीशी बोलणं, कोणी हाक मारणार नाही अशी मोकळी हवा, रस्त्यावरचा आपला हक्क, हे सगळं त्यात येतं. दहा मिनिटं चार भिंतींत उरकता येतात, म्हणून तर ती घराला परवडतात.

मैत्रिणींनो, दहा मिनिटं जरूर करा. गटाच्या बैठकीआधी एकत्र करा, मनसोक्त धापा टाका. मात्र ती घ्यायची आपल्या झोपेतून नव्हे, त्या २०१ मिनिटांतून. आणि नगरपालिकेकडे दिवे असलेलं, बायकांना निर्धास्त वावरता येईल असं मैदान मागा. दहा मिनिटांवर समाधान मानणं हा आपल्या मागणीचा शेवट नाही, ती सुरुवातसुद्धा नाही.