वकिलीची सनद मिळाली, मत मिळाले नाही

फिलिपिन्समधील पहिल्या महिला वकील नातिविदाद आल्मेदा-लोपेझ १९१४ साली सनदेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वकिलीचे हे दार स्त्रियांसाठी उघडण्यास इंग्लंडमध्ये १९१९ साल उजाडावे लागले आणि हिंदुस्थानात १९२३. तेव्हा अमेरिकन अंमलाखालील हा देश पुढारलेला होता, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. कायद्याचा अर्थ न्यायालयात उलगडून सांगण्यास जी स्त्री पात्र ठरली, ती कायदे करणारा प्रतिनिधी निवडण्यास आणखी तेवीस वर्षे अपात्रच राहिली.

१९१८ मध्ये आल्मेदांनी विधिमंडळापुढे स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली. हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. त्या वेळी लागू असलेल्या स्पॅनिश दिवाणी संहितेनुसार, विवाहित स्त्रीला स्वतःची माहेरची मिळकतही पतीच्या संमतीवाचून विकता येत नसे. १९१७ च्या घटस्फोट कायद्यात पत्नीचा व्यभिचार पुरेसा मानला गेला; पतीच्या बाबतीत मात्र त्याने रखेल ठेवल्याचे सिद्ध व्हावे लागे. हे कायदे करणाऱ्यांना एकाही स्त्रीच्या मताची गरज नव्हती, हे त्यांतील कलमेच सांगतात.

१९३३ साली मताधिकार मिळाला खरा; पण १९३५ च्या राज्यघटनेने तो पुरुषांपुरता मर्यादित केला. दोन वर्षांत किमान तीन लाख स्त्रियांनी सार्वमतात अनुकूल कौल दिला तरच तो स्त्रियांना मिळेल, अशी अट घातली गेली. पुरुषांना हक्क देताना ‘तुम्हांला तो हवा आहे काय?’ असे कोणी विचारले नव्हते! महिला संघटनांनी गावोगाव प्रचार केला. ३० एप्रिल १९३७ रोजी ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला. नकार देणाऱ्या होत्या ४४,३०७. स्त्रियांनाच राजकारण नको आहे, हा विरोधकांचा आवडता युक्तिवाद त्या मतपेट्यांनीच निकालात काढला.

मनिलाच्या नगर न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीशही आल्मेदाच. १९७७ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे सेसिलिया मुन्योझ-पाल्मा यांच्या रूपाने त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री बसली होती. १९३० च्या दंडसंहितेतील जुना भेद मात्र अद्याप कायम आहे. पत्नीच्या बाबतीत एक संबंध सिद्ध झाला तरी गुन्हा होतो. पतीच्या बाबतीत त्याने परस्त्रीला राहत्या घरात ठेवले, तिच्याशी अन्यत्र संसार थाटला किंवा उघड लोकापवाद ओढवून घेतला, यांपैकी काही तरी फिर्यादी पत्नीला दाखवावे लागते.