सूर्यास्त पावणेपाचला

सप्टेंबर सरत आला की ब्रिटनमधील विद्यापीठांची सत्रे सुरू होतात आणि सांगली, कोल्हापूर, बेळगाव परिसरातील एखाद्या जैन घरातून एक विद्यार्थी लेस्टरच्या वाटेला लागतो. दशलक्षण पर्वाचे दिवस नुकतेच होऊन गेलेले असतात. निघण्यापूर्वी महाराजांच्या दर्शनाला जाऊन त्याने काही नियम घेतलेले असतात. कंदमूळ वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त आणि रात्रिभोजनाचा त्याग. यांपैकी शेवटचा नियम घरी कुणाला कठीण वाटत नाही, कारण लहानपणापासून दिवेलागणीच्या आधी ताटे मांडली जातात. लेस्टरला मात्र तोच नियम सर्वांत आधी कसोटीला लागतो.

कोल्हापूरला वर्षभरात सूर्यास्ताची वेळ फार तर सव्वा तासाने मागेपुढे होते. लेस्टर विषुववृत्तापासून ५२ अंशांहून अधिक उत्तरेस आहे. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यावर दुपारी चारच्या आतच. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच प्रथम जाणवत नाही. सप्टेंबरअखेर सूर्यास्त सातच्या आसपास असतो. पाचला वर्ग सुटतो, सहापर्यंत भात-आमटी होते. फोनवर तो सांगतो, “आई, इथं तर घरच्यापेक्षा निवांत जेवण होतंय.” आई म्हणते, “बरं झालं बाळा, पण पोटभर जेवतोस ना?”

मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो. त्या पहाटे सगळ्या देशाची घड्याळे एक तास मागे घेतली जातात. शनिवारी पावणेसहाला मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो. सोमवारी तीन ते पाच वर्ग असतो. खिडकीबाहेर अंधार दाटत जातो आणि डबा पिशवीतच राहतो. सूर्योदयानंतर दोन घटिका आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८-४८ मिनिटे, सोडण्याची काटेकोर मर्यादा पाळायची म्हटली, तर डिसेंबरात आहारासाठी जेमतेम सहा तास उरतात. त्यातच वर्ग, ग्रंथालय आणि पोट भागवण्यासाठी धरलेले काम. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, आणि ते बहुधा संध्याकाळचेच मिळते.

येथे घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जैन परंपरेत प्रत्याख्यान नेहमी मर्यादेसह घेतले जाते: किती काळ, कोणत्या प्रमाणात, शक्ती किती. त्या देशाचे दिवस-रात्रीचे मान जाण्यापूर्वीच महाराजांपुढे मांडले, तर नियम त्या मानाने देता येतो. न मांडता घेतलेला नियम पहिल्या हिवाळ्यात निसटतो, आणि मग मुलगा आईला खोटे सांगू लागतो. ते खोटे अवेळी खाल्लेल्या भातापेक्षा अधिक बोचते. नियम टिकवणारी मुले करतात ते साधे असते. सकाळी भरपेट जेवण, अडीचच्या सुट्टीत डबा, रात्री फक्त पाणी, आणि ज्या दिवशी वर्ग आड येतो त्या दिवशी एकभुक्त. वसतिगृहातील सोबती “डाएट आहे का?” असे विचारतात. त्यांना अहिंसेची कारणे सांगण्यापेक्षा हसून होकार देणे पहिल्या महिन्यात पुष्कळांना सोयीचे वाटते.

स्वयंपाकघर सामाईक असते. पाच-सात जणांत एक शेगडी, एक फ्रिज, आणि आदल्या रात्री मांस परतलेला कुणाचा तरी तवा. म्हणून स्वतःचा तवा, लहान कुकर आणि कालथा वेगळे ठेवावे लागतात. फोडणी जरा करपली तरी धुराची घंटा वाजते आणि सारी इमारत थंडीत रस्त्यावर उभी राहते. बहुतेक वसतिगृहांत खोलीत निरांजन किंवा उदबत्ती लावण्यास मनाई असते. आईने प्रेमाने बांधून दिलेले साजूक तूप आणि पेढे विमानतळावरच अडतात, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. जोंधळ्याचे पीठ, मेतकूट, मूगडाळ यांना अडचण येत नाही.

पुडक्यांवरील मजकूर वाचणे हा तर स्वतंत्र अभ्यासच आहे. ‘व्हेजिटेरियन’ या तिकडच्या शब्दात अंडे बसते. कायद्याने ठरवलेले १४ घटक ठळक अक्षरांत छापतात. त्यांत दूध आणि अंडे येते, पण जिलेटिन येत नाही, कांदा-लसूणही येत नाही. चीज घट्ट करण्यासाठी कधी वासराच्या जठरातील रस वापरतात. ई१२० हा लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. वूस्टरशायर सॉसमध्ये मासळी असते. पहिले दोन आठवडे दुकानात जो अर्धा-अर्धा तास जातो, तो यातच.

हे सारे आजचेच नाही. १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्या आईची शंका फेडण्यासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली होती. सुरुवातीचे दिवस त्यांनी जवळजवळ उपाशी काढले. आईपुढे केलेल्या प्रतिज्ञेला अर्थ नाही, हे पटवण्यासाठी एका स्नेह्याने त्यांना बेंथमचा ग्रंथ वाचून दाखवला. गांधींना वादात उत्तर देता आले नाही, त्यांनी प्रतिज्ञा मात्र सोडली नाही. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक मिळाले, आणि आईसाठी पाळलेला नियम त्यांचा स्वतःचा झाला.

लेस्टरच्या विद्यार्थ्याला इतके भटकावे लागत नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या चर्चच्या वास्तूत जैन सेंटर उभे आहे. त्याची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. संगमरवरी दर्शनी भागामागे एकाच छताखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर आहे. आपल्या गावी या चौघांची दारे सहसा चार गल्ल्यांत असतात. डी मॉन्टफर्ट विद्यापीठातून येथे काही मिनिटांत चालत येता येते. येणारे बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती घरांतले. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोक हाकलले गेले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने ‘इकडे येऊ नका’ अशी जाहिरात तिथल्या वृत्तपत्रात दिली होती. तरी लोक आले आणि शहराचेच झाले. त्यांतल्याच एखाद्या बा नव्या मुलाला विचारतात, “क्यांथी आव्यो, बेटा?” त्याला गुजराती येत नाही, त्यांना मराठी कळत नाही. णमोकार दोघांना येतो. पुढच्या रविवारी त्याच्या हातात खाकऱ्यांचा डबा असतो.

महावीर निर्वाणाची पहाट याच काळात येते. घड्याळ मागे गेल्यानंतर दिवाळी आली, तर कोल्हापुरात साडेसहाला निर्वाण लाडू चढतो तेव्हा लेस्टरला रात्रीचा एक वाजलेला असतो. विद्यार्थी अंथरुणात बसून फोनवर मंदिर पाहतो. कॅमेरा धरणाऱ्या बहिणीचा हात हलतो, मध्येच आजोबांचे डोके आड येते. “अगं, जरा उजवीकडे धर,” तो हळूच म्हणतो, कारण भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेले असते. टेबलावर बॅटरीवर चालणारी पणती मिणमिणत असते. लाडू त्याला सकाळी, सूर्य वर आल्यावर, जैन सेंटरमध्ये मिळणार असतो.