निविदेत तरवड लिहा

चाकण एमआयडीसीत नव्या कारखान्याचे बागकाम हाती आले की आपल्या व्यवसायातला क्रम ठरून गेलेला आहे. जेसीबीने माळ खरवडायचा, वर लाल माती पसरायची, ठिबकच्या नळ्या टाकायच्या आणि कुंपणालगत पिवळ्या फुलांसाठी कॅशिया बायफ्लोरा लावायचा. हे झुडूप मूळचे अमेरिकेचे. खरवडलेल्या मुरमाबरोबर डंपरमध्ये जाते ते पुष्कळदा तरवड असते: फुले तशीच पिवळीधमक, आणि जन्म याच माळावरचा. हे थांबवणे आपल्याच हातात आहे.

तरवड पर्जन्यछायेतला. लोणावळ्याच्या चार हजार मिलिमीटर पावसात तो रमत नाही. तो मुलूख करवंदीचा, धायटीचा. तळेगाव मागे टाकून चाकणकडे वळले की पाऊस पाव हिश्शाच्याही खाली येतो, मातीचा थर पातळ होतो, आणि मुरमाड उतारांवर, बांधांवर, रस्त्याच्या कडेला तरवड भेटू लागतो. गुरेशेळ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ रानातही तो टिकला. सालीतल्या टॅनिनसाठी कातडी कमावणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या तोडला. बुंध्यातून तो पुन्हा फुटत राहिला. नवरात्रात घटावर याच फुलांच्या माळा चढतात. शेजारच्या तेलंगणाने त्याला राज्यपुष्प केले. आपल्याकडच्या रोपवाटिकांच्या दरपत्रकात मात्र तो शोधावा लागतो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग. भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो तेव्हा परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग उडतो. थांबून पाहावे असे हे दृश्य आहे. मात्र कुळ शेंगांचे म्हणून तरवड जमिनीत नत्र भरेल, असे ग्राहकाला सांगू नका. तरवड ज्यात मोडतो त्या सेना प्रजातीच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत.

आणखी एक सवय सोडावी लागेल. फुले फांद्यांच्या शेंड्याशी येतात. मेंदीच्या कुंपणासारखी दर पंधरवड्याला कात्री चालवली तर हिरवा ठोकळा उरेल, फूल दिसणार नाही. बहर ओसरल्यावर एकदाच खोल छाटणी करा.

सोटमूळ खोल जाते. मोठे झुडूप उपटून दुसरीकडे लावण्याचा खटाटोप बहुधा वाया जातो. म्हणून बियांचीच वाट धरावी. तपकिरी, कागदासारख्या वाळलेल्या शेंगा गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असते. उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात त्या रात्रभर ठेवाव्यात. रोपे करायची तर उंच पिशवीत, आणि पहिल्या चांगल्या पावसाबरोबर, लहान असतानाच जमिनीत. शक्य असेल तिथे बी थेट मुरमातच टोकावे. लाल माती, शेणखत यांचा लाड नको.

मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत साधारणपणे हरित पट्ट्याची अट असते. आराखडा काढताना त्यातला एखादा तुकडा न खरवडता राखायचा, असे पहिल्याच बैठकीत मालकाला सांगा आणि निविदेत तरवडाचे नाव स्पष्ट लिहा. ते नाव निविदांत दिसू लागले की रोपवाटिकावाले रोपे करतील. मागणीशिवाय ते पिशव्या भरणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बी मात्र खेड-मावळातलेच हवे. ज्या प्लॉटवर अजून जेसीबी पोचलेला नाही, तिथल्या शेंगा आधी उतरवून घ्या.