पाला पेटवू नका, ड्रम भरा

मंडळी, शेणखताची ट्रॉली विकत आणायची आणि परसातला पाला काडी लावून पेटवायचा, हा हिशेब मला काही पटत नाही. कंपोस्टला बाजारातला महागडा डबा कशाला? २०० लिटरचा जुना ड्रम चालतो. फक्त फवारणीच्या औषधाचा नको, कितीही धुतला तरी नको. बुडाला आणि चहूबाजूंनी पेन्सिलीएवढी भोकं पाडा, विटांवर ठेवा, वर झाकण.

ड्रम वास मारायला लागला की लोक कल्चरची पुडी शोधतात. अहो, त्यात सुकंच कमी पडलेलं असतं! ओला कचरा घरात रोज निघतो, वाळला पाला गोळा करायचा मात्र कंटाळा. एक टोपली ओल्याला दोन टोपल्या पाला, नाहीतर पाचट. मूठ दाबली की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. आठवड्याला एकदा खालवर करा. पुडीचं काम ओंजळभर जुनं शेणखत करतं.

मटण-मासळी, तेलकट रस्सा नको, उंदीर येतात. बी धरलेलं गाजरगवतही नको. एवढ्याशा ड्रमात बी मरण्याइतकी उष्णता बहुधा होत नाही.

एका ड्रमात एकर भागत नाही, कबूल. पण भाजीचे वाफे आणि दारातलं लिंबू आरामात भागतं. पहिला भरला की दोन-तीन महिने मुरू द्या, तोवर दुसरा लावा.