दुसरी चूल

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाच्या कानीं ‘चूल वेगळी झाली’ हे शब्द पडले कीं मनांत थोडें चर्र होतें. भांडण झालेंच असेल, असें आपण धरूनच चालतों. परंतु भांडणावांचूनही दुसरी चूल मांडण्याचा प्रसंग येतो, आणि तो निभावणें कधीं कधीं भांडण मिटविण्यापेक्षांही कठीण असतें. हें मीं गेल्या वर्षीं अमेरिकेंत, टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन शहरीं पाहिलें.

तेथें कन्येच्या घरीं तीन महिने राहण्याचा योग आला. घर शहराबाहेरच्या नव्या वस्तींत. जवळच एका मेक्सिकन वंशाच्या कुटुंबानें आपल्या उपाहारगृहाची दुसरी शाखा उघडली. मूळचें दुकान शहराच्या जुन्या भागांत, चाळीस वर्षांपासूनचें. कुटुंबाचें नांव येथें देत नाहीं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट नांवानिशीं सांगण्याचा अधिकार मला नाहीं.

या जेवणास तिकडे ‘टेक्स-मेक्स’ म्हणतात. टेक्सास १८३६ सालापर्यंत मेक्सिकोचा भाग होता. पुढें राज्य बदललें, पण मेक्सिकन घरांतल्या चुली पेटत्याच राहिल्या, आणि पिवळें चीज, मुबलक गोमांस व जिरें यांची भर पडून ही पाकपद्धति तयार झाली. गोमांसाचें नांव आपल्या घरांत रुचणार नाहीं, पण खरें तें सांगितलें पाहिजे. जिऱ्याचा वास मात्र दारांतच ओळखीचा वाटला. आणि मिरची तर मूळची मेक्सिकोकडचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यास आली आणि आपल्या स्वयंपाकघराची मालकीण होऊन बसली!

आम्हीं गव्हाच्या टॉर्टिया, भात आणि घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची घोटलेली उसळ मागविली. कशांतही चरबी नाहीं ना, हें जांवयांनीं आधींच विचारून घेतलें होतें. गव्हाची टॉर्टिया आपल्या पोळीची धाकटी बहीण शोभेल. मक्याची निराळी, त्यासाठीं मका चुन्याच्या पाण्यांत उकळून, रात्रभर भिजत ठेवून, धुऊन मग वाटतात.

जांवई तेथें नेहमीं जाणारे. त्यांच्यामार्फत धाकट्या मालकाशीं माझें बोलणें झालें. नवें दुकान कां काढलें, असें विचारतां तो म्हणाला, “गिऱ्हाइकें आम्हांला सोडून गेलीं नाहींत, शहर सोडून गेलीं.” मुलांच्या शाळांसाठीं व ऐसपैस घरांसाठीं लोक बाहेर राहावयास गेले. दर रविवारीं येणारीं कुटुंबें आधीं महिन्यानें, मग वाढदिवसापुरतीं येऊं लागलीं. तेव्हां थोरल्या भावानें जुनें दुकान सांभाळावें, धाकट्यानें नवें. कर्जाच्या कागदावर दोघांच्याही सह्या, आणि हिशेबाची वही एकच, असें ठरलें.

एवढें सर्व ठरलें, पण आईचें काय? साल्सा नांवाची तोंडीलावण्याची झणझणीत चटणी चाळीस वर्षें तीच करीत आली होती. मीठ चिमटीनें, जिरें मुठीनें. दोन स्वयंपाकघरांत एक हात कसा पुरणार? शेवटीं नात तराजू घेऊन आजीपाशीं बसली. प्रत्येक मूठ आधीं पारड्यांत, मग पातेल्यांत. पहिल्या दिवशीं म्हातारी रागावली, “माझ्या हाताचें वजन करतेस काय?” पण चार दिवसांनीं वहीवरून कळलें कीं, आजीच्या हातचें मीठ सकाळपेक्षां संध्याकाळीं जास्त पडतें. तेव्हां ती स्वतःच हंसली, आणि पुढें आपण होऊन तराजू मागूं लागली.

दुकान उघडल्यावर तिनें नव्या स्वयंपाकघरांतली चटणी चाखली आणि म्हणाली, “जिरें कमी आहे.” वही काढली, वजन बरोबर होतें. मग नातीच्या ध्यानांत आलें कीं, जिरें कमी नव्हतें, कमी भाजलेलें होतें. वजन वहींत उतरलें होतें, भाजणें उतरलें नव्हतें. त्या दिवसापासून दर गुरुवारीं म्हातारीला मोटारीनें नव्या दुकानांत आणतात. ती चुलीपाशीं खुर्ची टाकून बसते आणि जिरें किती तांबूस झालें म्हणजे उतरावयाचें, तें सांगते.

याच ह्यूस्टन शहरांत निन्फा लॉरेंझो नांवाची एक कर्तृत्ववान स्त्री होऊन गेली. पति १९६९ सालीं वारले. पदरीं पांच मुलें आणि टॉर्टियांचा डबघाईस आलेला कारखाना. १९७३ सालीं तिनें त्याच कारखान्याच्या पुढच्या भागांत दहा टेबलांचें उपाहारगृह काढलें. गांवानें तिला ‘मामा निन्फा’ म्हणजे निन्फा आई म्हटलें. शाखांमागून शाखा निघाल्या. पण व्याप झेपेना. १९९६ सालीं कर्जापायीं कोर्टाचा आश्रय घ्यावा लागला, आणि पुढें तिच्या नांवाचीं दुकानें परक्यांच्या हातीं गेलीं. २००१ सालीं ती वारली. मात्र तिचा मुलगा रोलंड यानें तिच्या हयातींतच, १९९८ सालीं, आपल्या मुलासह निराळ्या नांवानें नवें उपाहारगृह काढलें आणि तें नांवारूपास आणलें. नांव गेलें तरी आईच्या हाताखालीं शिकलेलें गेलें नव्हतें.

मिताक्षरेंत शेत, घर, भांडीं यांच्या वांटणीचा केवढा ऊहापोह आहे! पण हाताच्या चवीची वांटणी कोणत्या शास्त्रानें करावी? आमच्या घरीं चौघां भावांच्या वांटण्या झाल्या तेव्हां तांब्याचीं पातेलीं, पळ्या, एवढेंच काय, अडकित्तेसुद्धां मोजून घेतले. आईच्या गोड्या मसाल्याची आठवण एकालाही झाली नाहीं. आई १९९४ सालीं गेली. दगडफूल किती, नागकेशर किती, धने कोणत्या रंगावर उतरावयाचे, हें सारें तिच्याबरोबर गेलें. आमच्या मंडळी चांगला मसाला करतात, पण भगिनी माहेरपणास आली कीं पहिल्या घांसालाच म्हणते, “छान आहे, वहिनी.” त्या ‘छान’चा अर्थ आम्हां दोघांनाही कळतो.

मी परत निघालों त्या रात्रीं कन्येनें वही पुढें केली आणि म्हणाली, “बाबा, आजीच्या मसाल्याचें प्रमाण सांगा ना.” छत्तीस वर्षें मुलांना शब्दरूपावलि घोकून घेतलेला हा मास्तर त्या वहीपुढें निरुत्तर झाला.

म्हणून वाचकहो, ज्यांच्या घरीं आई, आजी, आत्या अद्याप मसाला भाजीत आहेत, त्यांना एवढेंच सांगणें आहे: येत्या वैशाखांत त्यांच्याजवळ तराजू आणि वही घेऊन बसा. त्या रागावतील, रागावूं द्या. प्रमाण लिहून झालें कीं वही मिटून बाजूला ठेवा, आणि उलथनें आपल्या हातीं घेऊन, त्या “आतां उतर” म्हणेपर्यंत भाजीत राहा.